जिंकल्यानंतरचा नियम

१९३८ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, फॅल्मथच्या पाण्यावर, प्रिन्स ऑफ वेल्स कपची शर्यत झाली. ‘इंटरनॅशनल फोर्टीन’ या चौदा फुटी शिडाच्या डिंगींसाठी वर्षभरात याहून मोठा मान नव्हता. शर्यत जिंकली पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांच्या ‘थंडर अँड लाइटनिंग’ या होडीने. स्कॉट म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत प्राण गमावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचे चिरंजीव. ते पक्ष्यांचे चित्रकार होते आणि दोन वर्षांपूर्वीच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायच्या डिंगीत ब्राँझपदकही त्यांनी मिळवले होते. त्यांच्या होडीत त्या दिवशी एक नवी गोष्ट होती. डोलकाठीच्या वरच्या भागातून एक तार खाली आली होती. खलाशाने कमरेच्या पट्ट्याला ती अडकवायची, पाय होडीच्या काठावर रोवायचे आणि सगळे शरीर पाण्यावर आडवे झोकून द्यायचे. वारा शिडावर जोर देऊन होडीला कलंडवू पाहतो. तिला सरळ ठेवण्यासाठी डिंगीत माणसाच्या वजनाखेरीज दुसरे साधन नसते. ते वजन जितके बाहेर जाईल तितका वारा होडीला पेलतो आणि वेग वाढतो. काठावर बसून पाठ बाहेर काढणाऱ्या खलाशापेक्षा तारेवर लटकलेल्या खलाशाचे वजन अर्ध्या मीटरहून जास्त बाहेर जाते. या तारेला पुढे ‘ट्रॅपीझ’ हे नाव पडले. विजयानंतर लगेचच त्या वर्गात तिच्यावर बंदी आली आणि ती उठायला सुमारे तीस वर्षे जावी लागली.

ही हकीकत एरवी गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते: म्हाताऱ्या मंडळींना नवे काही पाहवले नाही, एवढेच तिचे तात्पर्य. पण ती बंदी ज्या वर्गात घातली गेली त्याचे स्वरूप पाहिले की प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. शर्यतीच्या होड्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या वर्गांत मोडतात. पहिल्यात सगळ्या होड्या एकाच साच्यातल्या असतात. लेझर हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे स्पर्धा फक्त माणसामाणसांत होते. दुसरा प्रकार डेव्हलपमेंट क्लासचा. तिथे नियम काही मोजमापांच्या मर्यादा आखून देतो आणि त्यांच्या आत होडी कशी बांधायची ते बांधणाऱ्यावर सोडतो. ब्रिटनमध्ये १९२३ साली चौदा फुटी डिंग्यांना राष्ट्रीय वर्गाचा दर्जा मिळाला आणि विसाचे दशक संपायच्या आत आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. लांबी चौदा फूट, सांगाड्याचे किमान वजन २२५ पौंड, शिडाचे क्षेत्रफळ १२५ चौरस फूट अशा मर्यादा होत्या. आकार मात्र मोकळा. अशा वर्गात दाखल होणारा माणूस एक अलिखित करार स्वीकारतो. त्याची होडी आज वेगवान असेल, पण उद्या कोणी अधिक हुशारीने बांधलेली होडी आणली तर ती मागे पडेल, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क त्याला नाही. नियमबदलाचे प्रत्येक भांडण या कराराभोवती फिरते. जुन्या होडीचा मालक किती संरक्षण मागू शकतो? नवी होडी बांधणारा किती मोकळीक मागू शकतो? गेल्या शंभर वर्षांतल्या अशा काही भांडणांकडे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. बंदी घातली की नाही यापेक्षा बंदी कोणत्या शब्दांत घातली, आणि तिने दुसरी कुठली वाट उघडी ठेवली, यावर वर्गाचे बरेवाईट ठरत आले आहे.

ट्रॅपीझच्या बंदीचा न्याय करायचा तर आधी दहा वर्षे मागे जायला हवे. वाइट बेटावरच्या काउझचे उफा फॉक्स यांनी १९२८च्या हंगामात ‘अ‍ॅव्हेंजर’ ही चौदा फुटी डिंगी उतरवली. तोवरच्या डिंग्या आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारत, पाणी कापत जायच्या. अशा होडीने उठवलेली लाटच तिच्या वेगावर मर्यादा घालते. फॉक्स यांनी होडीचा पुढचा भाग इंग्रजी ‘व्ही’सारखा निमुळता ठेवला आणि मागचा तळ सपाट केला. वारा पुरेसा असला की ती नाळ उचलून आपल्याच लाटेवर चढायची आणि पाण्यावरून घसरत पळायची. त्या हंगामात ‘अ‍ॅव्हेंजर’ ५७ शर्यतींत उतरली. ५२ वेळा पहिली, दोनदा दुसरी आणि तीनदा तिसरी आली. प्रिन्स ऑफ वेल्स कपही तिनेच नेला. म्हणजे एका हंगामात वर्गातली प्रत्येक जुनी होडी शर्यतीपुरती निकालात निघाली. डागडुजीने हा फरक भरून येणारा नव्हता, कारण तो तळाच्या आकारातच होता. जिंकायचे असेल तर नवी होडी बांधणे एवढाच मार्ग उरला. तरीही ‘अ‍ॅव्हेंजर’वर बंदी आली नाही. उलट पुढची काही वर्षे चांगले खेळाडू फॉक्स यांच्याकडे होड्या बांधून घेण्यासाठी जात राहिले. फोर्टीन महाग होत गेली, आणि तिला स्वस्त पर्याय म्हणून १९३६ साली ‘नॅशनल ट्वेल्व’ हा बारा फुटी वर्ग उभा राहिला.

आता दोन घटना शेजारी ठेवून पाहू. १९२८च्या बदलाने सगळ्या जुन्या होड्या बाद केल्या, नव्या होडीचा खर्च प्रत्येकाच्या माथी मारला, आणि तो मान्य झाला. १९३८च्या बदलाला लागत होती एक तार, एक पट्टा आणि एक आकडा. जुन्यातल्या जुन्या होडीलाही हे सामान दुसऱ्या दिवशी लावता आले असते. खर्चाचा आक्षेप इथे टिकत नाही आणि जुन्या होड्या मोडीत निघण्याचा तर मुळीच नाही. ट्रॅपीझने जुन्या होडीचे आयुष्य वाढलेच असते. डोलकाठीवर आणि सांगाड्यावर ताण वाढतो हे खरे, पण त्यासाठी जाड दोर आणि मजबूत लाकूड पुरेसे होते, आणि मजबूत किती करायचे हे बांधणाऱ्यावर सोडणे हाच या वर्गाचा स्वभाव होता. सुरक्षिततेचे म्हणावे तर तारेला जोडलेला खलाशी काठावर पाय अडकवून उलटा लोंबणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात होता असे दाखवणे अवघड आहे. एकेक कारण असे गळून पडले की उरते ते एकच. ‘अ‍ॅव्हेंजर’ने होडी बदलली होती, ट्रॅपीझने माणसाची जागा बदलली. होडी चालवणारे होडीत असतात, काठावर बसून पोटाच्या आणि मांड्यांच्या बळावर वाऱ्याशी झुंजतात, यालाच तेव्हा डिंगी चालवणे म्हणत. तारेला लटकलेला माणूस या चित्रात बसत नव्हता. नियमाच्या शब्दांत मात्र माणसाने कुठे असावे याचा उल्लेख नव्हता. लांबी, वजन, शीड या तिन्ही मर्यादा ‘थंडर अँड लाइटनिंग’ने पाळल्या होत्या. त्यामुळे नियम अपुरा पडला म्हणून तो दुरुस्त झाला, असे म्हणता येत नाही. लिहिलेल्या नियमामागे एक न लिहिलेला नियम होता, आणि तो मोडणारा जिंकल्यावरच सर्वांना दिसला, असे म्हणणे अधिक खरे.

यावर एक आक्षेप घेता येतो. प्रत्येक खेळामागे असे न लिहिलेले नियम असतात. ते मोडले गेल्यावर लिहून काढण्याचा हक्क खेळणाऱ्यांना असलाच पाहिजे, नाहीतर खेळ म्हणजे नुसती पळवाटांची शर्यत होईल. हा आक्षेप बिनतोड आहे. पण तो हक्क वापरल्याने काय साधले हेही मग पाहावे लागते. ट्रॅपीझ फोर्टीनमधून गेली, जगातून गेली नाही. तिची मूळ कल्पनाही फोर्टीनची नव्हती. थेम्स नदीवरच्या ‘रेटर’ जातीच्या उंच शिडांच्या होड्यांवर बीचर मूर यांनी डोलकाठीला दोर बांधून त्याच्या आधाराने बाहेर झुकण्याचे प्रयोग आधीच केले होते. युद्धानंतर हॉलंडमध्ये ‘फ्लाइंग डचमन’चा आराखडा झाला. १९५०च्या दशकाच्या आरंभी नव्या आंतरराष्ट्रीय डिंगीच्या निवडीसाठी चाचण्या झाल्या आणि त्यांच्या सुमारास ट्रॅपीझ पुन्हा पुढे आली. १९५४च्या ‘फाइव्ह-ओ-फाइव्ह’ने तिला आपलेसे केले. १९६०च्या ऑलिंपिकमध्ये फ्लाइंग डचमन दाखल झाली आणि तारेवर लटकलेला खलाशी डिंगी शर्यतीचे ओळखचिन्ह बनला. १९५५पासून १९६९पर्यंत जागतिक नौकाशर्यत संघटनेचे अध्यक्ष होते पीटर स्कॉट. ज्याच्या युक्तीवर बंदी आली त्याच्याच अध्यक्षपदाखाली ती युक्ती ऑलिंपिकला पोहोचली. भारताला या वंशावळीतला एक धागा लागतो तो मुंबईत. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गात सुवर्णपदक मिळवले. फायरबॉल ही ट्रॅपीझचीच डिंगी.

बंदीने फोर्टीनचे नुकसान झाले का? बंदीचे समर्थक सांगतील की झाले नाही. स्ट्युअर्ट मॉरिस यांनी १९३२ ते १९६५ या काळात प्रिन्स ऑफ वेल्स कप बारा वेळा जिंकला. एका माणसाचे कौशल्य तेहतीस वर्षे शिखरावर राहू शकले ते नियमांत स्थैर्य होते म्हणूनच, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण त्याच काळात डिंगीतले नवे विचार फोर्टीनमधून निघायचे थांबले आणि बाहेरून येऊ लागले. विसाच्या दशकात ज्या वर्गाने पाण्यावर घसरणारी डिंगी जगाला दिली, त्याला १९७०च्या सुमारास इतरांकडून सिद्ध झालेली ट्रॅपीझ उसनी घ्यावी लागली. मग १९८४च्या सुमारास दुसरीही आली आणि होडीतले दोघेही बाहेर लटकू लागले. सिडनीच्या अठरा फुटी स्किफमध्ये रुळलेले, पुढे काढलेल्या दांडीवरचे विषम आकाराचे स्पिनेकर शीडही मागोमाग आले. ऑस्ट्रेलियात चौदा फुटींचा स्वतंत्र, अधिक मोकळा वर्ग दीर्घकाळ नांदत होता. १९९६मध्ये दोन्ही वर्ग एका नियमाखाली एकत्र आले. मूळच्या १२५ चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण ११.६ चौरस मीटरच्या जागी शिडाला १८.५८ चौरस मीटरची मर्यादा आली. एकत्र येण्यासाठी दोन्ही बाजूंना काही सोडावे लागले, पण त्यातून जगभरचा एकच ताफा उभा राहिला. बंद दाराआड टिकवलेले स्थैर्य जेवढे देऊ शकले नसते तेवढे या तडजोडीने दिले.

एवढ्यावरून ‘बंदी वाईट, मोकळीक चांगली’ असा निष्कर्ष काढला तर ब्रिटनमधलाच एक वर्ग तो खोटा ठरवतो. जॅक होल्ट यांनी १९४६मध्ये आखलेली ‘मर्लिन’ पुढे ‘रॉकेट’ या वर्गात मिळून ‘मर्लिन रॉकेट’ झाली. हाही डेव्हलपमेंट क्लासच. तिच्यात ट्रॅपीझ आजही नाही. फळीवर फळी चढवून बांधण्याची जुनी लाकडी पद्धत मागे पडली, फायबर आणि कार्बन आले, तरी बाहेरून फळ्यांच्या कडा दिसायलाच हव्यात हा नियम तिने ठेवला. वेगाच्या दृष्टीने हे निव्वळ ओझे आहे. तरीही मर्लिन रॉकेटचे ताफे पाऊण शतकानंतर भरलेले आहेत. मग फोर्टीनची बंदी फसली आणि मर्लिनची टिकली, यातला फरक कोणता? पहिला असा की मर्लिनने आपण सर्वांत वेगवान आहोत असा दावा कधी केला नाही. अरुंद नद्यांवर आणि तळ्यांवरही चालेल अशी, दोघांनी काठावर बसून हाकायची डिंगी हीच तिची ओळख, आणि ती पहिल्या दिवसापासून सांगितलेली. नवा माणूस होडी विकत घेतो तेव्हा काय घेतो आहे ते त्याला माहीत असते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. मर्लिनची बंधने मोजता येतात. फळ्यांच्या कडा किती, कुठे, रुंदी किती हे फूटपट्टीने तपासता येते, आणि त्या बंधनांच्या आत तळाचा आकार, डोलकाठी, शिडाची कापणी यांवर कल्पकता दाखवायला भरपूर जागा उरते. फोर्टीनने आधी वेगवान होण्याचे आमंत्रण दिले आणि कोणी ते स्वीकारल्यावर अट घातली. मर्लिनने अट आधी सांगितली आणि मग आमंत्रण दिले.

जिंकल्यानंतर घातलेली बंदी नेहमीच वाईट, असेही मग म्हणता येईल का? ‘मॉथ’ या एकट्याने चालवायच्या छोट्या डिंगीचा इतिहास याला उलट साक्ष देतो. १९२८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या इन्व्हरलॉख येथे लेन मॉरिस यांनी ‘ऑलिव्ह’ नावाची अकरा फुटी होडी बांधली. तिथून हा वर्ग सुरू झाला. आज त्याच्या मर्यादा साध्या आहेत. लांबी ३.३५५ मीटर, रुंदी २.२५ मीटर, शीड सुमारे आठ चौरस मीटर. किमान वजनाची अटच नाही. एकच महत्त्वाचे बंधन म्हणजे होडी एकाच सांगाड्याची हवी, जोडहोडी नको. या शतकाच्या आरंभी ब्रेट बर्विल यांनी मॉथच्या दोन्ही अंगांना तिरप्या फॉइल लावल्या. फॉइल म्हणजे पाण्यात चालणारा पंख. वेग वाढला की तो होडीला वर उचलतो आणि सांगाडा पाण्याबाहेर आल्यावर त्याचे घर्षण उरत नाही. पर्थच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी शर्यतही जिंकली आणि भांडण पेटले. कोकणात उलांडीच्या होडीला बाजूचा लाकडी ओंडका पाण्यावर तोलून धरतो, जवळजवळ तसेच काम या बाजूच्या फॉइल करत होत्या. त्यामुळे बर्विल यांची होडी नावाला एका सांगाड्याची, पण वागणुकीने जोडहोडीच, असे मत ठरले आणि बाजूच्या फॉइलना मनाई झाली. वरवर पाहता ही १९३८चीच पुनरावृत्ती: जिंकणारी युक्ती, मग बंदी. पण बंदीचे शब्द वेगळे होते. होडीने उडू नये असे कोणी म्हटले नाही. पाण्यात टेकायच्या गोष्टी कुठे असाव्यात एवढेच सांगितले गेले. पर्थमधल्या जॉन आणि गार्थ इलेट या भावांनी नेमकी उरलेली जागा पकडली. मधल्या सेंटरबोर्डाच्या, म्हणजे होडीतून पाण्यात उतरणाऱ्या उभ्या पाटीच्या तळाशी एक आडवी फॉइल, सुकाणूच्या तळाशी दुसरी. नाळेवरून पुढे सोडलेली एक काडी पाण्याच्या पृष्ठभागावर घासत जाते आणि होडी किती वर आहे ते मधल्या फॉइलच्या झडपेला कळवते. होडी फार वर गेली की झडप उचल कमी करते, खाली आली की वाढवते. बाजूच्या फॉइलपेक्षा ही रचना सरस निघाली. २००५मध्ये मेलबर्नजवळच्या ब्लॅक रॉकला रोहन वील यांनी अशा मॉथवर जागतिक विजेतेपद मिळवले. त्यानंतर पाण्यातून जाणाऱ्या मॉथला जागतिक स्पर्धेत आशा उरली नाही, आणि आठ चौरस मीटरच्या शिडावर माणसे ३० नॉटपेक्षा जास्त वेग गाठू लागली.

मॉथच्या कथेतून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. इथे बंदीने संशोधन थांबवले नाही. तिने त्याला वळण दिले. बाजूचा मार्ग बंद झाला म्हणूनच मधल्या मार्गाचा इतका कसून शोध घेतला गेला. उलट बाजूचे उदाहरण ‘ए-क्लास’ या एकट्याने चालवायच्या जोडहोडीचे आहे. ती डिंगीच्या बिरादरीत काटेकोरपणे बसत नाही, पण तिचाही नियम मोजमापांचाच: लांबी ५.४९ मीटर, रुंदी २.३० मीटर, शीड १३.९४ चौरस मीटर. मॉथ उडू लागल्यावर या वर्गात धास्ती पसरली, आणि २००९च्या सुमारास नियम झाला की पाण्यात उतरणाऱ्या बाजूच्या पाट्या वरूनच खाली सारता आल्या पाहिजेत आणि त्यांची टोके एकमेकांपासून किमान दीड मीटर दूर हवीत. लिहिलेले होते ते माप, पण त्यामागचा हेतू एकच होता, होडी उडू नये. हेतू मात्र मापात पकडता आला नाही. २०१२–१३मध्ये अमेरिकाज कपच्या प्रचंड जोडहोड्या फॉइलवर धावताना जगाने पाहिल्या आणि ए-क्लासचे खेळाडू त्याच नियमाच्या फटीत उडण्याची जागा शोधू लागले. वरून घालता येईल अशी पाटी सरळसोट आडवी असू शकत नाही. म्हणून ती वाकवली गेली: आधी ‘जे’च्या आकारात, पुढे ‘झेड’च्या. या वाकड्या पाट्यांवर ए-क्लास उडाली, पण मोकळ्या नियमात घडवता आली असती त्यापेक्षा अडचणीच्या साधनांवर आणि सांभाळायला कठीण होऊन. नियम बदलावा की नाही यावर वर्ग वर्षानुवर्षे भांडला. अखेरीस तोडगा निघाला तो वेगळा: उडणाऱ्यांसाठी खुला विभाग, न उडणाऱ्यांसाठी ‘क्लासिक’. २०१८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हर्वी बे येथे जागतिक विजेतेही दोन झाले, खुल्या विभागात ग्लेन अ‍ॅशबी आणि क्लासिकमध्ये अँड्र्यू लँडेनबर्गर. मॉथ आणि ए-क्लास या दोघांच्याही नियमात मापे होती. फरक होता तो वाटेचा. मॉथने एक रचना नाकारली आणि दुसरी मोकळी ठेवली. ए-क्लासने फळ नाकारायचे ठरवले आणि त्याकडे जाणारी प्रत्येक वाट मापांनी बुजवायचा प्रयत्न केला. वाटा मात्र मापांपेक्षा नेहमी जास्त असतात.

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप पैशाचा आहे आणि तो टाळता येत नाही. मॉथच्या क्रांतीची किंमत कोणी मोजली? शेडमध्ये स्वतःच्या हाताने प्लायवूडची होडी बांधणाऱ्या मॉथवाल्यांनी. कार्बनचे सांगाडे, कार्बनच्या फॉइल, ज्यांचा आकार केसाएवढा चुकला तरी फरक पडतो, अशा गोष्टी घरच्या पडवीत होत नाहीत. २००९पासून अँड्र्यू मॅकडूगल यांनी आखलेल्या ‘मॅक टू’सारख्या कारखान्यात बनलेल्या होड्या ताफ्यांवर पसरल्या. गार्डा सरोवरावर २०१७मध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत दोनशेहून जास्त मॉथ उतरल्या हे खरे, आणि व्यावसायिक खेळाडूंसाठी हा वर्ग प्रयोगशाळा बनला हेही खरे. पण जे आले त्यांची मोजदाद होते. जे गेले त्यांची होत नाही. तेव्हा यशस्वी वर्गाकडे बोट दाखवून ‘पाहा, काही बिघडले नाही’ म्हणणे हा तर्क लंगडा आहे. याचे उत्तर बंदीत नाही, वाटणीत आहे, आणि मॉथनेच ते कधीकाळी दिले होते. साठच्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये मॉथच्या एका आराखड्याला तिथेच गोठवून ‘युरोप’ हा एकसाच्याचा वर्ग काढला गेला. ज्यांना न बदलणारी होडी हवी होती त्यांना ती मिळाली, आणि हीच युरोप १९९२ ते २००४ या चार ऑलिंपिकमध्ये महिलांची एकेरी डिंगी होती. ब्रिटनमध्ये ब्रिटिश मॉथ हाही असाच गोठवलेला भाऊ. म्हणजे स्थैर्य मागणारे चुकत नव्हते. त्यांची मागणी मोठ्या वर्गाला थांबवून पुरी करण्याऐवजी त्यांच्यासाठी वेगळे घर बांधून पुरी झाली. ए-क्लासचा क्लासिक विभाग त्याच जातीचा उपाय, फक्त भांडण शिगेला पोहोचल्यावर सुचलेला. तो दहा वर्षे आधी सुचला असता तर ‘जे’ आणि ‘झेड’च्या कसरतीची गरज पडली नसती.

तेव्हा डेव्हलपमेंट क्लासच्या सभेत नवा नियम मांडला जातो तेव्हा ‘हे चांगले की वाईट’ यापेक्षा दोन प्रश्न जास्त कामाचे ठरतात. हा नियम एखादा आकार नाकारतो आहे, की त्या आकारातून मिळणारा वेग? आणि तो पास झाल्यावर कल्पक माणसाला जायला एखादी मोकळी वाट उरते का? १९३८च्या फोर्टीनकडे दोन्ही प्रश्नांचे उत्तर नव्हते. तिने एक तार नाकारली, पण वजन बाहेर नेण्याची दुसरी कुठलीच वाट ठेवली नाही. म्हणून कल्पना दुसऱ्या वर्गात गेली आणि तिथेच मोठी झाली. मर्लिनने आपल्या अटी दारावरच लावल्या, मॉथने एक वाट बंद करून दुसरी राहू दिली. दोघींनाही आपले घर सोडावे लागले नाही. जुन्या होडीच्या मालकाचे दुःख कोणत्याही नियमाने पुरते मिटत नाही. त्याला शर्यतीत आपली जागा हवी असेल तर ती शेजारच्या विभागात किंवा गोठवलेल्या वर्गात मागणे रास्त आहे. दुसऱ्याच्या विजयानंतर नियमाच्या शब्दांत ती मागितली, तर जुनी होडी वाचते एवढेच. वर्ग मात्र ज्या कामासाठी काढला होता ते काम सोडून देतो.